निकाल लागेपर्यंत विश्वास कसा जपायचा: एका वहीची आणि एका तारखेची गोष्ट

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहते, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) राज्यसेवा परीक्षेची तयारी करते. तिसरी पूर्वपरीक्षा थोडक्यात गेली होती. ती रडत नव्हती. आवाज अगदी सपाट होता, आणि मला तेच जास्त लागलं. म्हणाली, "ताई, अभ्यास होतोय गं. पण आपलं होईल असं आता आतून वाटतच नाही."

हेच वाक्य मी 2019 मध्ये शास्त्री रोडवरच्या एका अभ्यासिकेच्या जिन्यात बसून वडिलांना फोनवर म्हटलं होतं. माझं घर सांगोल्याजवळच्या एका वाडीत. 2017 च्या जूनपासून साडेपाच वर्षं मी पुण्यात काढली. दोनदा राज्यसेवेची मुख्य दिली, मुलाखतीपर्यंत एकदाही पोहोचले नाही. शेवटी आयोगाच्याच गट ब पदांच्या संयुक्त परीक्षेतून राज्यकर निरीक्षक झाले आणि आज ते काम मनापासून करते. मी टॉपर नव्हते, त्यामुळे टॉपरचं वेळापत्रक मी देऊ शकणार नाही. विश्वास कसा सुटतो आणि सुटलेला परत कसा धरता येतो, हे मात्र मी जवळून पाहिलंय. तिला त्या रात्री जे तुटक तुटक सांगितलं, ते इथं नीट लिहिते.

आधी ठरवा, विश्वास नेमका कशावर

पुण्यात आल्यावर पहिल्या आठवड्यात मी कॉटच्या वरच्या भिंतीवर कागद चिकटवला: "मी उपजिल्हाधिकारी होणारच." आमच्या खोलीत चार मुली होत्या आणि चारही भिंतींवर असाच मजकूर होता. पहिली पूर्व गेली त्या दिवशी तो कागद बघवेना. निकालाआधीच निकाल लिहून ठेवला होता, मग खरा निकाल आला तेव्हा तो कागद खोटा पडला आणि त्याच्याबरोबर मीही खोटी पडले असं वाटलं.

यूपीएससीचे 2022 चे आकडे बघा. नागरी सेवा पूर्वपरीक्षेसाठी 11,35,697 अर्ज आले. प्रत्यक्ष पेपरला बसले 5,73,735. मुख्यसाठी पात्र ठरले 13,090, मुलाखतीला गेले 2,529 आणि शिफारस झाली 933 जणांची. या आकड्यांनी घाबरायला होतं हे मान्य, पण ते नीट वाचायला हवेत. ज्या अकरा लाखांची भीती घातली जाते, त्यातले जवळपास निम्मे केंद्रावर गेलेच नाहीत. आणि शेवटच्या टप्प्यावर पोहोचलेल्यांतले दीड हजारांहून जास्त लोक यादीत नाव नसताना घरी आले. त्यांचा अभ्यास कच्चा होता असं कोण म्हणेल? म्हणून "होणारच" हा शब्द कुणीच कुणाला देऊ नये, स्वतःलाही नाही.

मग विश्वास ठेवायचा कशावर? मी तो कागद काढून दुसरा लावला: "मागच्या महिन्यात येत नव्हतं ते या महिन्यात येतं का?" या प्रश्नाचं उत्तर आयोगाकडे मागायला जावं लागत नाही. ते आपल्याच वहीत सापडतं, फक्त वही ठेवायला हवी.

चुकांची वही

नोव्हेंबर 2019 मधली एक सराव चाचणी मला अजून प्रश्नासकट आठवते. शंभर प्रश्न, त्यातले 41 चुकले. अभ्यासिकेच्या जिन्यात बसले होते, हातातला चहा गार झाला होता, आणि घरी फोन करून मी वर लिहिलेलं वाक्य बोलले. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. आण्णांनी विचारलं, "एक्केचाळीस चुकले, पण चुकले कशानं?" मला सांगता येईना. खरंच माहीत नव्हतं. दोन वर्षं अभ्यास करून मी आजवर फक्त किती चुकले तेवढंच मोजत आले होते.

त्या संध्याकाळी अप्पा बळवंत चौकातून शंभर पानी वही आणली आणि पानावर तीन रकाने पाडले. पहिल्याला नाव दिलं "माहीतच नव्हतं". दुसऱ्याला "माहीत होतं, वाचण्यात चुकलं". तिसऱ्याला "दोन पर्यायांत अडकले". मग एकेक प्रश्न उघडून तो कुठल्या रकान्यात जातो ते प्रामाणिकपणे लिहिलं. रात्रीचे दोन वाजले. हिशोब निघाला 14, 17 आणि 10.

सतरा प्रश्न मला येत होते! त्यातला एक तसाच सांगते. 73 व्या घटनादुरुस्तीबाबत कोणतं विधान अयोग्य, असं विचारलं होतं. पहिलं विधान होतं, 24 एप्रिल 1993 पासून अंमलात आली. दुसरं, अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. तिसरं, पंचायतीचा कालावधी सहा वर्षांचा. चौथं ग्रामसभेबद्दल. मी पहिलं विधान वाचलं, तारीख ओळखीची दिसली, आनंदाने तिथंच गोल काळा केला. प्रश्नातला "अयोग्य" मी वाचलाच नव्हता. पंचायतीचा कालावधी पाच वर्षांचा असतो हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचा प्रश्न दोन गुणांचा. आताच्या नियमाने चुकीच्या उत्तराला 25 टक्के, म्हणजे अर्धा गुण कापतात. सतरा प्रश्नांत प्रत्येकी हातचे दोन गेले आणि वर अर्धा गेला, एकूण साडेबेचाळीस गुण. कट ऑफ एखाद्या-दोन गुणांनी हुकतो अशा परीक्षेत साडेबेचाळीस! आणि ते मिळवायला एकही नवीन पुस्तक लागणार नव्हतं. त्या रात्री मी गाढ झोपले. "आपल्याला जमणार नाही" ही जी मोठी काळी गोष्ट छातीवर बसली होती, ती आता तीन रकान्यांत मावत होती आणि प्रत्येक रकान्यावर काही ना काही करता येत होतं.

वाचण्यातल्या चुकांसाठी मी एवढंच केलं: प्रश्नात "अयोग्य", "नाही", "फक्त", "सर्व" यातला शब्द दिसला की त्याभोवती चौकोन काढायचा, आणि चौकोन काढल्याशिवाय पर्यायांकडे बघायचं नाही. पहिले पंधरा दिवस हात विसरायचा. मग सवय लागली.

"माहीतच नव्हतं" वाले विषय पुढच्या रविवारच्या उजळणीत घेतले. इथं एक सांगते. या रकान्यातला प्रत्येक विषय मिळवायच्या मागे लागू नका. अगदी कोपऱ्यातला एखादा प्रश्न सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. मागच्या पाच-सात वर्षांच्या प्रश्नपत्रिका उघडून बघायचं, हा भाग पुन्हा पुन्हा येतो का. येत असेल तरच त्याला वेळ.

दोन पर्यायांत अडकण्याचं गणित करून ठेवलं की परीक्षेत हात कापत नाही. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर उरलेल्या दोनांत दर दोन प्रश्नांपैकी सरासरी एक बरोबर येतो: अधिक दोन, वजा अर्धा. दोन प्रश्नांत दीड गुण फायदा. म्हणजे सोडायचं नाही, लिहायचं. एकही पर्याय बाद होत नसेल तर फायदा नावापुरताच उरतो. यूपीएससीत एक तृतीयांश कापतात, तिथं आंधळ्या अंदाजाला सरासरीत काहीच हाती लागत नाही. हे गणित मी वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला लिहून ठेवलं होतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी रकाने मोजायचे. नोव्हेंबरातले सतरा मार्चपर्यंत सहावर आले. खोलीत कुणी म्हणालं "यंदा जागाच कमी आहेत, काही खरं नाही," की मी उत्तर देत बसायचे नाही. वही उघडून सतरा आणि सहा हे दोन आकडे बघायचे. जागा किती निघणार ते माझ्या हातात नव्हतं. सहाचे चार करणं होतं.

आता राज्यसेवेची मुख्य वर्णनात्मक झाली आहे. गुणवत्तेत धरले जाणारे सात पेपर, प्रत्येकी 250 गुणांचे, एकूण 1750, वर मुलाखत 275 ची. मराठी आणि इंग्रजी फक्त पात्रतेपुरते. बहुपर्यायी सरावात वर्षं घातलेल्या मुलांच्या पायाखालची जमीन सरकली, माझ्या बहिणीचीही. तिला मी वहीच्या जोडीला एक फाइल ठेवायला सांगितलं. रोज एक उत्तर, दीडशे शब्द, घड्याळ लावून, वर तारीख. पहिलं उत्तर कितीही वाईट असलं तरी फाडायचं नाही. साठाव्या दिवशी पहिलं आणि साठावं शेजारी ठेवून वाचायचं. आणि मराठीतून लिहिणार असाल तर मान खाली घालू नका. यूपीएससीची मुख्यसुद्धा मराठीतून लिहिता येते, मुलाखत मराठीतून देता येते. फक्त आर्थिक पाहणीतल्या संज्ञा मराठीत हाताखालून गेलेल्या हव्यात. वाचलेली संज्ञा आणि स्वतः वाक्यात लिहिलेली संज्ञा यात फार फरक पडतो.

बागेचा ताण

त्याच वर्षी डिसेंबरात चार दिवस घरी गेले. आमची डाळिंबाची बाग. आण्णांनी आंबिया बहार धरायचा म्हणून पाणी तोडलं होतं. ज्यांच्याकडे डाळिंब नाही त्यांच्यासाठी सांगते: बहार धरायच्या आधी झाडाचं पाणी महिना-दीड महिना बंद ठेवतात. पानं पिवळी पडतात, गळतात, बाग बघवत नाही. याला आम्ही "बाग ताणावर सोडली" म्हणतो. मग छाटणी, खत, आणि पहिलं पाणी हलकं. त्यानंतर कळी निघते.

संध्याकाळी बांधावर बसलो होतो. मी म्हटलं, "आण्णा, मलापण ताण आलाय." ते हसले नाहीत. म्हणाले, "ताण तर लागतोच. ताणाशिवाय झाड फुलत नाही. पण पाणी तोडतानाच मी ठरवतो कधी सोडायचं. हलक्या रानाला तीस-पस्तीस दिवस, भारी रानाला थोडं जास्त. ठरवलं नाही आणि नुसतं बघत बसलं, तर झाड फुलत नाही, वाळतं. तुझं पाणी कधी सोडायचं ठरवलंयस?"

मी काहीच ठरवलं नव्हतं. "होईपर्यंत" एवढंच डोक्यात होतं. आम्ही त्याच रात्री ठरवलं: डिसेंबर 2021. तोपर्यंत घरातलं कुणी "अजून किती?" विचारणार नाही आणि मी "सोडू का?" विचारणार नाही. त्यानंतर हाती काही नसेल तर बी.एड. करायचं आणि त्यात कुणी कमीपणा मानायचा नाही. आईने ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.

माझ्या मते अख्ख्या तयारीत या तारखेएवढं महत्त्वाचं मी दुसरं काही केलं नाही. पुष्कळांना वाटतं की शेवटची तारीख ठरवणं म्हणजे आधीच हार मानणं. मला उलटा अनुभव आला. आधी रोज सकाळी उठून दोन गोष्टी कराव्या लागायच्या, अभ्यास आणि अभ्यास करावा की नाही याचा विचार. तारीख ठरल्यावर दुसरी गोष्ट संपली. दोन वर्षं मी पूर्ण मनाने विश्वास ठेवू शकले, कारण त्याला कडा होती.

तारीख ठरवताना एक अट मात्र ठेवा: ती निकालाच्या आठवड्यात ठरवायची नाही. नापास झाल्यावर माणूस उद्याचीच तारीख ठरवतो आणि पास झाल्यावर दहा वर्षांनंतरची. चांगलं जेवून, घरच्यांसोबत बसून, पैशांचा हिशोब पुढ्यात ठेवून ठरवा. आमचा हिशोब होता कॉटचे अडीच हजार, मेसचे चोवीसशे, अभ्यासिकेचे आठशे, आणि वरखर्च. असे किती महिने बाग पेलणार, हे आण्णांनाच विचारावं लागलं. घरच्यांपासून लपवलेला खर्च विश्वास पोखरतो, हे मी दोन-तीन मैत्रिणींच्या बाबतीत पाहिलंय. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या योजनांत आपण बसतो का, हे ज्यांनी अजून पाहिलं नसेल त्यांनी या आठवड्यातच बघावं.

तारीख पुढे न्यायची का? आम्ही एकदा नेली. राज्यसेवेची पूर्व 5 एप्रिल 2020 ला होती. करोना आला, परीक्षा पुन्हा पुन्हा पुढे गेली. 14 मार्च 2021 ठरली होती, तीही तीन दिवस आधी पुढे ढकलली. त्या दुपारी नवी पेठेत मुलं रस्त्यावर उतरली, मीही होते. अखेर 21 मार्चला पेपर झाला. परीक्षाच अकरा महिने सरकली म्हणून आण्णांनी तारीख एक वर्ष पुढे नेली. म्हणजे कारण बाहेरचं होतं. "या वेळी माझं मन लागलं नव्हतं" हे कारण चालणार नाही, हे आधीच ठरलं होतं.

मुलींसाठी वेगळं लिहायला हवं. आपला विश्वास अभ्यासाने जेवढा थकत नाही तेवढा स्थळांनी थकतो. दर सुट्टीत कुणीतरी पाहुणे येणार, कांदेपोहे, आणि मग महिनाभर पुस्तकात डोकं लागत नाही. ती ठरलेली तारीख इथं कामाला आली. आत्याने विषय काढला की आई कॅलेंडर उलटून दाखवायची. तुमच्या घरात असं कॅलेंडर दाखवणारं एक माणूस तयार करा. एक पुरतं.

बाकीच्या गोष्टी

टेलिग्रामचे सगळे ग्रुप सोडले, दोन मैत्रिणी ठेवल्या. आमचा नियम होता की रात्रीच्या जेवणात कट ऑफचा विषय काढायचा नाही.

पेपर झाल्या रात्री उत्तरं जुळवत बसायचं नाही. वेगवेगळे क्लास वेगवेगळी उत्तरं देतात आणि आपण चार वेळा पास आणि पाच वेळा नापास होतो. आयोगाची पहिली उत्तरतालिका येऊ द्या. तिच्यात एखादं उत्तर खटकलं तर पुराव्यासकट हरकत नोंदवता येते, मुदतीत नोंदवा.

संयुक्तचा अर्ज भरला म्हणून राज्यसेवेवरचा विश्वास कमी होत नाही. मी तो भरला नसता तर आज हे लिहिलं नसतं.

शरीराकडे मी उशिरा लक्ष दिलं. 2018 च्या उन्हाळ्यात अभ्यासिकेत चक्कर येऊन पडले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन फार खाली. तोवर सहा महिने मला वाटत होतं की माझी इच्छाशक्तीच संपलीय, दुपारी तीननंतर ओळ पुढे सरकत नव्हती. गोळ्या सुरू झाल्या, मेसच्या पातळ आमटीसोबत शेंगदाणे, गूळ, उकडलेलं अंडं सुरू झालं, आणि दोन महिन्यांत दुपारचा अभ्यास परत आला. "मन लागत नाही" म्हणून स्वतःला बोल लावायच्या आधी एकदा रक्त तपासून घ्या. झोप सात तास.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल आमच्या पेठांत कुणी मोठ्याने बोलत नाही. काही रात्री अशा येतात की प्रश्न परीक्षेचा राहत नाही, जगण्याचाच होतो. त्या रात्री वही कामाची नाही, हा लेखही कामाचा नाही. शेजारच्या कॉटवरचीला उठवा. घरी फोन करा, कितीही वाजलेले असोत. 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. आणि तुमच्या खोलीतली एखादी मुलगी अचानक फार शांत झाली असेल, पुस्तकं वाटायला लागली असेल, तर उद्यावर टाकू नका. आजच तिच्याजवळ बसा.

पेपरच्या दिवशी

केंद्र आदल्या दिवशी जाऊन बघून या. हॉल तिकीट, ओळखपत्राची मूळ प्रत आणि छायाप्रत, दोन काळी बॉलपेनं रात्रीच पारदर्शक पाकिटात. सकाळी नवीन काही वाचायचं नाही, चुकांच्या वहीची शेवटची चार पानं तेवढी चाळायची.

आणि हे लक्षात असू द्या की पहिले काही प्रश्न तुम्हाला येणार नाहीत असं होऊ शकतं. कित्येक वर्षांचा विश्वास त्या पहिल्या पाच मिनिटांत जाऊ शकतो. 21 मार्च 2021 ला दहा वाजता पेपर हातात आला. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती. पहिला प्रश्न येईना, दुसरा येईना, तिसऱ्यात दोन पर्याय उरले, चौथा वाचून कळेनासुद्धा. बोटं गार पडली. मी पेन खाली ठेवलं, चष्मा ओढणीने पुसला आणि पानं उलटत गेले. एकतिसाव्या प्रश्नात "अयोग्य" शब्द दिसला. त्याभोवती चौकोन काढला आणि तिथून सुरुवात केली. मागचे तीस प्रश्न सव्वाअकराला परत येऊन घेतले. त्यातले सतरा येत होते.